मारबत पोस्टर, भाग ४ : लाल रंग दीड मिलिमीटर आखूड पडतोय

मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवतात तो पुतळा. त्याचं हे पोस्टर स्क्रीन प्रिंटिंगने तीन रंगांत होतंय : पिवळा, लाल, काळा. पिवळा मेच्या शेवटच्या आठवड्यात छापून झाला होता. ६० ताव दोरीवर वाळवून, गठ्ठा करून, वर पाटी ठेवून बांधले होते. जुलैत लाल चढवायला घेतला. पहिल्याच तावावर डावीकडचा क्रॉसमार्क (रंगावर रंग जुळवायची कोपऱ्यातली फुली) बरोब्बर बसला आणि उजवीकडचा १.६ मिमी आत आला. मधोमध बसवला तर दोन्ही बाजूंना ०.८ मिमीची चूक. ट्रॅप (एका रंगाखाली दुसऱ्याची सरकवलेली कड) होता ०.४ मिमी, तो कुठे पुरणार! मारबतीच्या कपाळावरचं कुंकू नीट, पण लुगड्याच्या काठाबाहेर पिवळ्याची आणि कागदाची वेगळी रेघ दिसतेय.

मापं आधीच्या भागांतलीच : २० × ३० चा ताव मधोमध कापून १५ × २० इंच, २२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) अनकोटेड कार्ट्रिज कागद. लांब बाजूवर क्रॉसमार्कांमधलं अंतर ४८० मिमी, आखूड बाजूवर ३५०. पिवळा आणि लाल ७७ च्या मेशवर (सेंटिमीटरला ७७ धाग्यांची जाळी), काळा ९० वर. तिन्ही पॉलिएस्टर.

पहिला संशय कुणालाही येईल तो स्क्रीनवर. चौकटीवर ताणलेलं मेशचं कापड सैल पडलं की रजिस्ट्रेशन (रंगावर रंग नेमका बसणं) जातंच. पण सैल कापडाच्या खुणा वेगळ्या असतात : चूक स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) ओढण्याच्या दिशेत येते, चित्र ताणून लांबतं आणि दर छापाला थोडी बदलते. इथे स्क्वीजी आखूड बाजूने ओढतोय आणि चूक लांब बाजूवर. शिवाय लागोपाठचे पाच ताव मोजले, पाचही जागी तोच १.६. स्नॅप (स्क्रीन आणि कागदातलं अंतर) ३ वरून २ मिमीवर आणून पाहिला, आकड्यात फरक नाही. स्क्रीन सुटली.

मग फिल्म, म्हणजे स्क्रीनवर चित्र उतरवायचा पारदर्शक पॉझिटिव्ह. तो ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंटरने काढलेला असता तर चौकशी तिथेच संपली असती. फ्यूजरच्या उष्णतेने ट्रेसिंग आकसतो आणि नंतर हवेतली ओल पिऊन पुन्हा वाढतो. एकाच फाइलचे दोन पॉझिटिव्ह सकाळ-संध्याकाळ जुळत नाहीत. तीन रंगांच्या कामाला ट्रेसिंग वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही स्वस्त पडो. या कामाच्या फिल्म पॉलिएस्टरच्या आहेत. पिवळ्याची आणि लालची फिल्म काचेवर एकमेकींवर ठेवून खालून दिवा लावला, चारही क्रॉसमार्क एकावर एक. दोन मिनिटांची ही तपासणी सगळ्यात आधी करायला हवी होती.

राहिला कागद. छापलेल्या पिवळ्याच्या क्रॉसमार्कांवर स्टीलची पट्टी आणि लूप (भिंग) लावला. लांब बाजू ४८१.६, आखूड ३५०.३. म्हणजे लाल आखूड पडलेला नाही, खालचा पिवळा कागदासकट मोठा झालाय. लांब बाजू ०.३३ टक्के वाढली, आखूड ०.०९ टक्के. हे असमान प्रमाणच कारण सांगतं : ओल लागली की कागदाचा तंतू जाडीत फुगतो, लांबीत जेमतेम. त्यामुळे ताव ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या रोखाच्या, आडव्या दिशेत कित्येक पट जास्त वाढतो. २० × ३० च्या तावात ग्रेन ३० इंचाच्या बाजूने होता. मधून कापल्यावर तो आखूड १५ इंचाच्या बाजूने आला आणि आडवी दिशा नेमकी लांब बाजूला पडली. कापतानाच घोळ झाला. (ग्रेन ओळखायचा तर दोन इंचाचा चौकोन कापून एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. तो नळीसारखा वळतो, त्या नळीची लांबी ती ग्रेनची दिशा. फाडून बघण्यापेक्षा हे खात्रीचं.)

मेमध्ये नागपुरात दुपारी हवा इतकी कोरडी असते की शाई मेशमध्येच सुकते. जुलैत टॉवेल दोन दिवस वाळत नाही. दोन रंगांच्या मधे मान्सून घुसू दिला, एवढीच चूक.

उपाय सोपा वाटला : लालची फिल्म लांब बाजूने १००.३३ टक्के, आखूड बाजूने १००.०९ टक्के वाढवून नवी काढायची. नवी फिल्म आली, स्क्रीन एक्स्पोज झाली (फिल्ममधून प्रकाश पाडून चित्र उतरलं), पहिले आठ ताव देखणे बसले. नवव्या तावाला लाल बाहेर! दहाव्याला आणखी बाहेर. राजेहो, गठ्ठ्यातला कागद एकसारखा वाढलेलाच नव्हता. वरचे ताव पूर्ण ओल प्यायलेले, मधल्यांच्या नुसत्या कडा वाढलेल्या आणि पोट मेमधलंच. मधला ताव मोजला तर ४८०.७. सपाट टेबलावर ठेवला की कडांना लाटा दिसतात, तीच खूण. त्या लाटा दिसूनही छपाई चालू ठेवली, म्हणून सात ताव वाया.

आता लागू पडलेली पद्धत : उरलेले सगळे ताव चिमटे लावून दोरीवर सुटे टांगले, एकाला एक न चिकटता, पंखा मंद, थेट झोत नाही. छपाई त्याच खोलीत. ३६ तासांनी वेगवेगळ्या जागचे पाच ताव मोजले : ४८१.५ ते ४८१.७. एवढा फरक ०.४ च्या ट्रॅपमध्ये सहज लपतो. त्यानंतर उरलेले ताव सलग बसले, शेवटचा पहिल्यासारखाच. चौथ्या कोपऱ्यावरचे दोन्ही क्रॉसमार्क लूपखाली एकावर एक पाहण्यात जी मजा आहे ती छापणाऱ्या मंडळींना वेगळी सांगायला नको.

उलटा मार्गही करून पाहिला, म्हणजे कागद वाळवून मेच्या मापावर आणणं. पेटीत २०० वॉटचा बल्ब लावून दोन ताव ठेवले. ४८०.५ पर्यंत आले, त्याखाली जाईनात. बाहेर काढले तर अर्ध्या तासात पुन्हा वाढू लागले. कागद ज्या वाटेने ओल घेतो त्याच वाटेने सोडत नाही. एसीची खोली असेल आणि तिन्ही रंग तिथेच होणार असतील तर गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात छापणाऱ्यांना मात्र एक सांगणं : कूलरच्या झोतात ताव वाळत टाकू नका. शाई सुकते, पण कागद घटकाभरात जुलैत जाऊन येतो.

फिल्मबद्दल एक तक्रार. एका आउटपुटवाल्याने फाइल ‘पानात बसवून’ काढली, फिल्म ९७ टक्के आली. पैसे गेले ते गेले, दिवसही गेला. तेव्हापासून प्रत्येक फिल्मच्या कडेला १०० मिमीची मोजपट्टी टाकतोय आणि दुकानातच मोजून घेतोय. काळ्यात हाफटोन (ठिपक्यांनी दाखवलेली छटा) आहे म्हणून आणखी एक : माप मूळ फाइलमध्ये वाढवायचं, हाफटोन झाल्यावर नाही.

हे लिहिताना सुचलं : लालसाठी पिवळ्यात नॉकआउट (कोरी सोडलेली जागा) ठेवलाच कशाला? पारदर्शक बेस घातलेला लाल सरळ पिवळ्यावर ओव्हरप्रिंट केला तर फट पडायला जागाच राहत नाही, आणि खालच्या पिवळ्यामुळे लाल शेंदरी ऊब धरतो. अडचण अक्षरांची. ‘इडा पिडा’ हे शब्द कोऱ्या कागदावर लाल आहेत, तिथे बेस घातलेला तोच लाल गुलाबी दिसेल. म्हणजे अक्षरांखालीही पिवळा हवा, चारही बाजूंनी ०.५ मिमी आत घेतलेला. या ६० तावांना उशीर झाला, पण पुढची आवृत्ती अशीच. नॉकआउटची पिवळ्याची फिल्म त्यामुळे बादच धरा.

काळ्याची तयारी बरीच पुढे गेलीय. ४५ एलपीआयचा (इंचाला ठिपक्यांच्या ४५ ओळी) हाफटोन ९० च्या मेशवर, म्हणजे इंचाला साधारण २३० धागे, पाचपट, हिशेब ठीक. तरी पहिल्या चाचणीत गालावर मॉयरे (जाळी आणि ठिपके एकमेकांत अडकून दिसणारी नको ती नक्षी) उमटला. ठिपक्यांच्या ओळींचा कोन ४५ वरून २२.५ अंशांवर नेला आणि गेला. एक्स्पोज करण्याआधी फिल्म कोऱ्या मेशवर ठेवून सावकाश फिरवली तर मॉयरे डोळ्यांनीच दिसतो, स्क्रीन वाया जात नाही.

काळ्यातून पांढरी काढलेली ओळ, ‘घेऊन जा गे मारबत’, दोन ठिकाणी छळत होती. अक्षरं कर्व्हमध्ये (बाह्यरेषांत) नेऊन कम्बाइन केली की शिरोरेखा जिथे एकमेकींवर चढतात तिथे उलटे चौकोन पडतात. वेल्ड करा (आकार जोडून एकसंध होतात), कम्बाइन नको. दुसरं, डॉट गेनने (छापताना शाई पसरल्याने) काळा आत सरकतो आणि ‘घे’ची मात्रा बारीक होऊन तुटते. पांढऱ्या अक्षरांना चहूबाजूंनी ०.१५ मिमी जाडी दिली, आता तुटत नाही. काळ्याची बाह्यरेषा १.२ मिमी केलीय, दोन्ही रंग तिच्याखाली ०.६ पर्यंत जातील.

पावसाळ्यात इमल्शन (मेशवरचा, प्रकाशाने कडक होणारा थर) वरून कोरडं लागतं आणि आतून ओलं राहतं. अशी स्क्रीन कितीही एक्स्पोज करा, धुताना बारीक ठिपके निघून जातात. अंधाऱ्या पेटीत सिलिका जेल आणि छोटा पंखा, रात्रभर. इमल्शनमध्ये बायक्रोमेट हे रसायन वापरणारे याहून जास्त थांबू नका, ते अंधारातही कडक होत जातं. हातमोजे हवेतच.

काळ्याची फिल्म ४८१.६ च्या मापाने उद्या टाकायची होती. पण रात्रीपासून झड लागलीय. आधी सकाळी तेच पाच ताव पुन्हा मोजायचे, मग आकडा ठरेल.