जुन्या अंगणातल्या पाच झाडांची कलमं : मृगापासूनची नोंद

घर पुण्यातलं, जुनं. दसऱ्यानंतर पाडायला घेणार. अंगणात जपण्यासारखी झाडं पाच : बटमोगरा, गावठी गुलाब, अनंत, सोनचाफा आणि पांढरा खुरचाफा. मुळासकट उचलायचा खटाटोप नको असं आधीच ठरलं, कारण एवढ्या जुन्या सोनचाफ्याची मुळं तोडल्यावर तो तगण्याची आशा फार थोडी. त्याऐवजी कलमं करायची आणि नातेवाइकांत वाटायची. एकेका झाडाची किमान तीन घरं, म्हणजे एखाद्या गच्चीवर ते उन्हाळ्यात वाळलं तरी परत आणायला दुसरीकडे शिल्लक राहतं. बियांचा पर्याय इथे उपयोगाचा नाही. बटमोगऱ्याला बी सहसा धरतच नाही. सोनचाफ्याला धरतं, पण त्या रोपाचं फूल मूळ झाडासारखंच येईल याचा भरवसा नाही आणि फुलासाठी कित्येक वर्षं थांबावं लागतं.

१ जून
फक्त खुणा. ज्या फांदीवर फूल डोळ्यांनी पाहिलं तिलाच सुतळी. गुलाबाच्या बाबतीत हे अगदी सक्तीचं. जुना गुलाब कलमी असेल तर बऱ्याचदा वरचं कलम केव्हाच मरून गेलेलं असतं आणि खालचा खुंट फोफावून बसलेला असतो. घरचे त्यालाच 'आजीचा गुलाब' म्हणत पाणी घालत राहतात. या झाडाला जमिनीलगत कलमाची गाठ नाही, सगळ्या फुटव्यांवर तेच गुलाबी, दाट वासाचं फूल. म्हणजे हा स्वतःच्याच मुळांवर वाढलेला आहे. मोगऱ्याच्या दोन फांद्यांवर पिठ्या ढेकूण दिसला, त्या बाद. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे असलेली फांदीही घेऊ नये. विषाणू असेल तर तो कलमाबरोबर सगळ्या घरांत पोचतो.

९ जून
मृगाचा पाऊस झाला, हवा दमट. सकाळी सातच्या आत काड्या घेतल्या.

मोगरा २० काड्या : यंदाच्या वाढीच्या, पण हिरवटपणा जाऊन तपकिरी व्हायला लागलेल्या. लांबी १२ ते १५ सेंमी, तीन-चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ. तिरका-सरळचा मुख्य फायदा हा, की घाईत काडी उलटी खोचली जात नाही. वरची दोनच पानं ठेवायची, तीही अर्धी कापून. कळ्या खुडायच्याच.

गुलाब १६ काड्या : पेन्सिलीएवढ्या जाड, १५ ते २० सेंमी. अनंत १० काड्या : शेंड्याकडच्या, १० सेंमी.

मिश्रण : धुतलेली जाड वाळू दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून काढलं, त्यात क्षार असतात. शेणखत, गांडूळखत काहीही नाही. मुळं नसलेल्या काडीला खत लागत नाही, बुरशीला मात्र ते फार आवडतं. आयबीए पावडर (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) मोगरा आणि अनंताला ३,००० पीपीएमची, गुलाबाला ८,००० ची. काडी डबीत बुडवू नये, चिमूटभर पावडर कागदावर काढून घ्यावी, नाहीतर ओलाव्याने अख्खी डबी खराब होते. आधी पेन्सिलीने भोक पाडून मग काडी ठेवली. थेट खोचली तर पावडर वरच पुसली जाते.

भोकं पाडलेल्या दुधाच्या लिटरच्या पिशव्या, एकीत दोन काड्या. वर तळ कापलेल्या पाण्याच्या बाटल्या, तोंड वर, झाकण काढून. ५० टक्के शेडनेटखाली.

१४ जून
सोनचाफ्याच्या तीन गुट्या, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून घ्यायची. अंगठ्यापेक्षा थोड्या बारीक फांद्यांवर अडीच सेंमी रुंदीची साल गोल काढली. सालीखालचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून बोटाला कोरडं लागेपर्यंत काढायचा. तो राहिला तर झाड साल पुन्हा जोडून घेतं आणि आतमध्ये मूळ काही येत नाही. पावडर कापाच्या वरच्या कडेला लावायची, कारण पानांत तयार झालेलं अन्न खाली येताना तिथे अडतं आणि मुळं तिथूनच फुटतात. शेवाळ (मॉस) रात्रभर भिजवून, मुठीत दाबल्यावर थेंब पडेनासा होईपर्यंत पिळून घेतलं. वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट.

२४ जून
अनंताच्या सहा काड्या गेल्या. बुडापासून काळ्या, पानं गळलेली. चूक पाण्याची : पाऊस चालू असताना बाटल्यांची उघडी तोंडं वर होती आणि नेटमधून पाणी सरळ आत जात होतं. आता वर पत्रा. उरलेल्या चार ठीक. या झाडाला आपल्याकडचं चुन्याचं जड पाणीही मानवत नाही, नवी पानं पिवळी पडतात. तूर्त पावसाचंच साठवलेलं पाणी.

५ जुलै
गुलाबाला सगळीकडे लालसर कोंब. यावर भाळू नये. काडीत साठलेल्या अन्नावर कोंब येतो, मुळाचा त्याशी संबंध असेलच असं नाही. एक मुद्दाम उपसून पाहिली : खालच्या कापाच्या कडेने भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाची खडबडीत गाठ, मूळ एकही नाही. गाठ धरणं ही चांगली खूण, पण अजून पंधरा दिवस तरी हात लावायचा नाही. (उपसलेली काडी परत लावली, ती जगली नाही. हे होणारच होतं.)

२१ जुलै
मोगरा २० पैकी १३. पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं दिसू लागली. गुलाब १६ पैकी ६, बाकीच्यांचे कोंब जागीच सुकले. अनंत ४. बाटल्या एकदम काढल्या नाहीत. आठवडाभर रोज थोडा वेळ वाढवत उघड्या ठेवल्या. मग सहा इंची कुंड्यांत : पोयटा दोन भाग, शेणखत एक, वाळू एक. अनंताच्या कुंडीत पोयटा कमी, कोकोपीट जास्त.

खुरचाफ्याचा खरा हंगाम फेब्रुवारी-मार्च, पानं गळलेली असताना. पण तोवर झाड राहणार नाही. म्हणून आजच चार फांद्या काढल्या, दीड-दोन फूट लांब, करड्या सालीच्या. सगळी पानं देठ ठेवून कापली. चीक धुऊन फांद्या पडवीत उभ्या ठेवल्या. पंधरा दिवस तरी, काप पूर्ण कोरडा होईपर्यंत मातीला लावायच्या नाहीत.

१० ऑगस्ट
खुरचाफा लावला, तीन भाग वाळू आणि एक भाग माती, छपराखाली. एकदाच पाणी, पुढचं पान फुटल्यावर. एका फांदीचं बूड अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागलं. पांढरा निरोगी गर लागेपर्यंत वरवर कापत गेलं तर सहा इंच उरले. ते पुन्हा वाळत ठेवलं आहे, आशा नाही.

२४ ऑगस्ट
गुट्या उतरवल्या. दोन भरल्या होत्या, मुळं पांढऱ्यावरून पिवळसर-तपकिरी झालेली. तिसरीची वरची गाठ सैल होती, पावसाचं पाणी शिरून शेवाळाला वास येत होता. शेवाळ सोडवू नये; सोनचाफ्याची मुळं जाड आणि ठिसूळ, ओढलं की तुटतात. फक्त प्लास्टिक काढून तसंच कुंडीत, निम्मी पानं कमी करून, महिनाभर सावलीत.

पाट्यांची सोय : मार्करची शाई उन्हात एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा दोन सेंमीच्या पट्ट्यांत कापून जाड वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि बॉलपेनने दाबून लिहायचं. शाई गेली तरी अक्षराचा खळगा राहतो. दर झाडाला दोन पाट्या, एक मातीत पुरलेली, एक सैल तारेने. घट्ट बांधली तर खोड फुगताना तारच फास होते. नमुना :

गुलाब गावठी गुलाबी / वाईहून, लग्नात माहेरची काडी / अंदाजे १९७० / कलम ९ जून / ३ पैकी घर क्र. २

वर्ष नक्की नसेल तर 'अंदाजे' लिहावंच. पुढच्या माणसाला ते खरं वाटून बसतं.

परदेशातल्या भाच्यांनी मोगरा आणि परसातल्या कढीपत्त्याचं रोप मागितलं आहे. बॅगेत घालून देऊ नये. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि तिकडच्या देशाची आयातीची परवानगी, दोन्ही लागतात. मातीला तर बहुतेक ठिकाणी मनाईच. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यावरच्या सिट्रस सिला किडीमुळे अमेरिकेत भारतातल्या ताज्या पानांवरही बंदी आहे. त्यांच्या नावाच्या दोन मोगरा-कुंड्या इथेच ठेवल्या आहेत, पाटीसकट.

बाकी : अनंताला तिसरं घर, आणि खुरचाफ्याच्या पानांची वाट.