उसन्या रंगमंचावरचा प्रयोग

हौशी नाटकाचा प्रयोग लावायचा तर तीन कागद हाताशी लागतात: लेखकाचं परवानगीपत्र, संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि नाट्यगृहाची तारीख. पहिले दोन आमच्या फायलीत होते. तारीख घ्यायची होती कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाची, आणि ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, म्हणजे संगीत रंगभूमीवरच्या त्या गायक नटाची, जयंती होती. सकाळी तिथं जमलेल्यांत नाटकवाले होते, तसेच आयुष्यात एकदाच कधीतरी शाळेच्या गॅदरिंगला त्या स्टेजवर उभे राहिलेले लोकही होते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर बांधलं. 1915 साली ते खुलं झालं, आणि पुढं त्याला केशवरावांचं नाव दिलं गेलं. एकीकडं नाटक, पलीकडं कुस्ती, दोन्हीकडं तेच प्रेक्षक! केशवरावांच्या 'ललितकलादर्श' नाटक मंडळीचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटरही याच गावचे. त्यामुळं आमच्यासारख्या नोकऱ्या सांभाळून नाटक करणाऱ्यांनाही त्या स्टेजवर पाऊल ठेवताना आपण कुणीतरी असल्यासारखं वाटायचं.

आमचं नाटक एका वाड्यात घडतं. मी दिग्दर्शनाला हातभार लावतो आणि बॅकस्टेज पूर्ण सांभाळतो. तालमी शाळेच्या हॉलमध्ये चालायच्या. तिथं फरशीवर खडूनं आखलेला रंगमंच हा केशवरावच्या मापाचा. कुठल्या विंगेतून (स्टेजच्या बाजूच्या पडद्याआडून) कोण येणार, वाड्याच्या सोप्यावरून, म्हणजे ओसरीवरून, उतरायला किती पावलं लागणार, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा सोडायचा, सगळं त्या वास्तूवर बेतलेलं. आता जवळच्या एका शहरातलं पालिकेचं नाट्यगृह घ्यायचं ठरलं. (नाव घेत नाही. पुन्हा तारीख लागणार आहे.)

अर्ज, अनामत, प्रमाणपत्राची प्रत, तिकीट लावणार असल्यानं पोलिसांकडचा कागद, या सगळ्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. एवढंच, की प्रमाणपत्रावरचं नाटकाचं नाव आणि जाहिरातीतलं नाव अक्षरशः एकच असू द्या. आणि सकाळ, दुपार, रात्र यांपैकी दुपारचं सत्र घेणार असाल तर सकाळी त्याच स्टेजवर काय आहे ते आधी विचारा. आमच्या आधी एका क्लासचं स्नेहसंमेलन होतं. त्यांची फुग्यांची कमान उतरेपर्यंत आमचा टेम्पो दारात उभा.

खरं काम सुरू झालं ते प्रयोगाच्या आधी टेप घेऊन गेलो तेव्हा. तिथल्या एका बॅकस्टेजवाल्या मामांनी आम्हाला हाताशी धरलं. नोकरीतून निवृत्त झालेले, पण रोज संध्याकाळी थिएटरवर येऊन बसणारे. मी आधी स्टेजची रुंदी मापायला वाकलो, तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे भावा. आधी माल आत कुठनं येणार ते बघ." मागचं दार मापलं. आमचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंतींच्या चौकटी, आठ फुटी, ते आत यायचे. पण वाड्याचा दरवाजा चौकटीसकट एकसंध बांधलेला होता आणि दाराच्या आत लगेच जिना वळत होता. चौकट कापून बिजागऱ्यांवर आणावी लागली. आमच्या सुताराचा चेहरा दोन दिवस उतरलेला.

मग विंगा. उजवीकडं ऐसपैस जागा, डावीकडं पडद्यामागं जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी फट आणि लगेच भिंत. आमच्या नाटकात बारशाच्या प्रसंगी डावीकडून पाच बायका एकदम येतात. त्या येणार कुठून? बारसं उजवीकडं नेलं, तर तिथून निघून जाणारा थोरला भाऊ त्यांच्या अंगावर यायला लागला. शेवटी भाऊ सोप्यावरच थांबला आणि बायका त्याच्यासमोरून आत गेल्या. संहितेत हे नाही. पण सगळ्या घरात गडबड चाललेली आणि हा एकटाच बाजूला, हे त्या थांबण्यानं असं काही उभं राहिलं की लेखकानंच पुढच्या प्रयोगाला तसंच ठेवायला सांगितलं.

मामांनी आम्हाला बाल्कनीत नेऊन बसवलं आणि स्वतः मागच्या लेव्हलवर, म्हणजे सोप्यासाठीच्या उंच चौथऱ्यावर, जाऊन उभे राहिले. स्टेजच्या वर आडव्या सोडलेल्या पडद्याच्या झालरीनं त्यांचं डोकं कापलं होतं. "मुंडकं दिसतंय का?" "नाही मामा." "मग झालर वर घ्या, न्हाईतर लेव्हल खाली." झालर वर घेतली तर वरचे लाईट प्रेक्षकांच्या डोळ्यांत. लेव्हल अडीच फुटांवरून दीड फुटावर आणली. सोप्याच्या दोन पायऱ्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आजोबांचं अडखळत उतरणंही गेलं. ते मला आजही खटकतं.

आवाजाची चिंता मोठी होती. मामांनी स्टेजच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. मागच्या भिंतीवरून ती स्वच्छ परत आली. आमची मुलं घाबरून तालमीत ओरडायलाच लागली, आणि ओरडलं की शब्द एकमेकांवर चढायचे. मामांचं म्हणणं साधं होतं: रिकाम्या खुर्च्यांपुढं घुमतं, माणसं बसली की त्यांचे कपडे आणि अंगं आवाज पितात. तेव्हा आवाज नका चढवू, वाक्याचा शेवट गिळू नका. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी, त्यामुळं तोच गिळला तर प्रेक्षकाला काय झालं ते कळतच नाही. हा सल्ला मी आता प्रत्येक तालमीला देतो, माझाच असल्यासारखा.

प्रयोगाच्या दिवशी लाकडी स्टेजवर खिळा मारायचा नाही असा नियम कळला. मग फ्लॅटांना मागून टेकू आणि टेकूंवर वाळूची पोती. लाईटवाल्यानं हजार वॉटचे पार नावाचे लाईट टांगले. एक पार म्हणजे चार अँपिअरच्या वर, त्यामुळं कुठल्या प्लगवर किती हे त्यानं आणि थिएटरच्या इलेक्ट्रिशियननं कागदावर मांडूनच जोडलं. कोल्हापुरात घडलेलं डोळ्यांपुढं होतं, म्हणून आम्ही देवघरातली समई खरी पेटवायची नाही असं ठरवलं आणि वातीच्या जागी छोटा बल्ब लावला. आमच्या नायिकेला ते अजिबात पटलं नाही. तिचं म्हणणं, बल्बासमोर हात जोडले जात नाहीत. नटराजपूजनाला मात्र विंगेत खरं निरांजन लावलं, आरती झाली तशी फुंकर मारून विझवलं आणि अग्निशामकाची नळकांडी कुठं आहेत ते सगळ्या कलाकारांना दाखवलं. आत शिरताना बाहेर पडायची दारंही बघून ठेवायची, हे आता नारळ फोडण्याइतकंच ठरून गेलंय.

तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडला. नाट्यगृह तीन चतुर्थांश भरलं होतं. मामा म्हणाले तसंच झालं, घुमणं बरंच कमी झालं. पहिल्या अंकात मी बाल्कनीत बसून मुंडकी मोजत होतो.

केशवरावच्या पुन्हा उभारणीचं काम सुरू झालं. होतं तसंच उभं करा, असा गावाचा आग्रह आहे आणि तो मलाही मान्य आहे. दर्शनी भाग, ती रचना, तो आवाज, काही हरवू नये. पण बॅकस्टेजवाल्याचंही कुणी ऐकावं: मागचं दार टेम्पो थेट लागेल एवढं रुंद हवं, दोन्ही विंगांना सारखी जागा हवी, वायरिंग आजच्या लाईटचा भार पेलणारं हवं आणि मेकअप रूममध्ये नळाला पाणी हवं. आमचा वाड्याचा दरवाजा आता बिजागऱ्यांवर दुमडतो, त्यामुळं कुठल्याही जिन्यातून जाईल. अनामत रक्कम मात्र अजून आलेली नाही. पावती फायलीत लावून ठेवली आहे आणि खजिनदार दर सोमवारी फोन करतात.