तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्क्याची नळी फुटेलच कशी?

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुकांविषयी बोलायला मी कुठेही उभा राहिलो की एक प्रश्न हमखास येतो: नेहमीच्या बाराच्या (एका वेळी भरायच्या दारू-गोळीच्या) कित्येक पट दारू भरून सैन्याने तपासलेली, शिक्का मारून घेतलेली नळी पुढे फुटेलच कशी? विचारणाऱ्याच्या घरी बहुधा एखादी जुनी बंदूक असते, त्यामुळे ‘शिक्का असला तरी फुटू शकते’ हे माझे उत्तर त्याला आडमुठेपणाचे वाटते.

अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात 1850 च्या सुमारास लोखंडाची पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून नळीचा सांधा जोडत. मग भक्कम लाकडी इमारतीत नळ्या ओळीने मांडून, त्यांत जबर बार ठासून, ते बाहेरून पेटवत. गोळ्या समोरच्या मातीच्या ढिगात रुतत. हेच पुन्हा एकदा. साधारण साठांत एक नळी फुटे. फुटलेली नळी पाहून दोष लोखंडाचा की जोडकामाचा हे ठरवत, आणि जोडकामाचा निघाला तर नळीवरच्या खुणेवरून कारागीर शोधून त्याच्याकडून एक डॉलर वसूल करत. एक नळी जोडण्याची मजुरी होती 12 सेंट. म्हणजे आठ धड नळ्यांची कमाई एका स्फोटात गेली.

इतका कडक हिशेब जिथे आहे तिथला शिक्का डोळे मिटून मानावा, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. पण त्या चाचणीत कस लागे तो सांध्याचा आणि लोखंडाचा, तोही गोळी दारूला नीट टेकवून. रणांगणावर घाईत गोळी अर्ध्यावर अडकली आणि मध्ये पोकळी राहिली, तर नेहमीच्याच बाराने नळी त्या जागी फुगते, कधी फाटते. त्यावर शिक्का काय करणार? शिवाय त्या जबर बारानेच एखादी न दिसणारी चीर सुरू झाली नसेल कशावरून? अर्थात चाचणीच नसती तर ती साठावी नळी कुणा शिपायाच्या गालाशी फुटली असती, हेही मला नाकारता येत नाही.

काही जण मग गेटिसबर्ग काढतात. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या 1863 च्या त्या लढाईनंतर गोळा केलेल्या बंदुकांपैकी सुमारे 24 हजार भरलेल्या निघाल्या, निम्म्यांत दोन-दोन बार आणि एकीत तर 23. एवढे भरूनही नळी टिकली, असा त्यांचा दाखला. अहो, ती उडालीच नव्हती, म्हणून तर भरलेली सापडली!

तेव्हा घरातल्या बंदुकीचा शिक्का मला दाखवण्याआधी, आत एखादा जुना बार तसाच पडून नाही ना, एवढे जाणकाराकडून पाहून घ्या.