ब्लीच केलेल्या केसांच्या नळ्या

त्या दुपारी शेजारच्या गॅरेजमधलं जुन्या ऑईलचं पिंप आडवं झालं आणि काळं तेल थेट गटाराकडे निघालं. बाहेर पाऊस. माझ्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, अर्ध्या डोक्याला रंग लावून झालेला. गॅरेजवाले काका दारातूनच ओरडले, "ताई, त्या तुमच्या केसांच्या नळ्या द्या लवकर!" रंगाची वेळ बघायला मुलीला सांगितलं आणि मी धावले.

या नळ्या म्हणजे जुन्या स्टॉकिंग्जमध्ये कापलेले केस ठासून भरलेले लांब लोड. सलूनच्या मागच्या खोलीत पाच तयार होत्या. कापलेल्या केसांचं काहीतरी करायचं हे खूळ माझं जुनं आहे. केस म्हणजे उडून जाणारा हलका कचरा असं लोकांना वाटतं. ज्यांनी रोज झाडलाय त्यांना विचारा. तो पायाखाली घसरतो, मोरी तुंबवतो, आणि बारीक टोकं बोटांच्या बेचक्यात रुतून जखमा होतात त्या वेगळ्याच. जमिनीत पुरला तरी लवकर कुजत नाही, कारण केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन आणि त्यातले गंधकाचे बंध फार चिवट. मात्र त्यात वजनाच्या सुमारे १५ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून मशीनने कापलेला बुक्का मी एका रोपवाटिकेला देते. तिथे तो पालापाचोळ्यात पातळ पसरून मिसळतात. एका जागी ढीग टाकला तर त्याचा नमदा होतो आणि पाणीच खाली उतरत नाही. मशीनखालचा बुक्का नळीच्या जाळीतून गळतो, तिथे बोटभर तरी लांबीचे केस लागतात.

खरा त्रास केस गोळा करण्याचा नाही, स्वच्छ गोळा करण्याचा आहे. ओळखीच्या सलूनवाल्यांना मी पोती देऊन ठेवली आहेत. त्यातून टिश्यू निघतात, कापूस निघतो, वॅक्सच्या पट्ट्या निघतात, आणि दोनदा ब्लेड निघालं. कितीदा सांगायचं? केसांचं पोतं म्हणजे कचरापेटी नव्हे, एवढं साधं समजून घ्यायची कुणाची तयारी नाही.

तेलासाठी केस वापरायची कल्पना माझी नाही. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डेझ जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. तेलाने माखलेल्या पाणमांजरांची दृश्यं टीव्हीवर बघताना फिल मॅक्रोरी नावाच्या अमेरिकन केशकर्तनकाराच्या मनात आलं, की फर एवढं तेल धरते तर केस का नाही धरणार? त्याने कापलेले केस स्टॉकिंगमध्ये भरले आणि मुलाच्या खेळायच्या टबात वापरलेलं इंजिन ऑईल ओतून पाहिलं. माझ्याच धंद्यातल्या माणसाला हे सुचलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

गटाराच्या तोंडाशी आम्ही तीन नळ्या एकामागोमाग आडव्या टाकल्या. काकांचा भुसा पावसाने आधीच भिजला होता, त्याचा उपयोग शून्य. नळ्यांनी मात्र काम केलं. स्पंज पितो तसं केस तेल पीत नाही. तेल केसाच्या अंगाला चिकटतं, आणि गुंत्यात जागाच एवढी असते की तिथेच अडकून बसतं. पहिली नळी बघता बघता काळी झाली आणि पलीकडचं पाणी बरंच निवळ दिसू लागलं. काका नुसते बघत राहिले. मलाही भरून आलं.

मग प्रवाह वाढला. कडेने तेल निसटायला लागलं तेव्हा उरलेल्या दोन नळ्या मी तिथे टाकल्या. पाच-सात मिनिटांत त्या पाण्याने जड झाल्या आणि तळाला बसल्या, वरून तेलाचा तवंग इंद्रधनुषी रंग दाखवत निघून गेला. त्या दोन नळ्यांत ब्लीच आणि स्ट्रेटनिंग केलेले केस होते. मीच भरले होते, वेगळे न काढता.

हे मला कळायला हवं होतं. निरोगी केसाच्या सगळ्यात बाहेरच्या पापुद्र्यावर मेदाम्लाचा अतिशय पातळ लेप असतो, त्याच्यामुळे केस पाणी झटकतो आणि तेलाला जवळ करतो. ब्लीचमध्ये तो लेप निघून जातो. ब्लीच केलेलं डोकं धुतल्यावर वाळायला जास्त वेळ लागतो, हे तर मी रोज हाताने अनुभवते. पण हातातलं ज्ञान त्या नळीपर्यंत पोचलंच नाही.

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्याच्या अपघातात तेलगळती झाली, तेव्हा ठिकठिकाणच्या सलूनमधून केसांचे ढीग पाठवले गेले. तिथल्या यंत्रणेने केसांचे लोड वापरले नाहीत. ते पाणी धरून बुडतात आणि तयार मिळणारे कृत्रिम लोड जास्त तेल धरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. हे वाचून मी तेव्हा चिडले होते. आमच्या कामाला कुणी किंमत देत नाही असंच वाटलं होतं. त्या पोत्यांत ब्लीच केलेले केस किती होते, हा प्रश्न मला गटारापाशी उभी असताना पहिल्यांदा पडला.

पाऊस थांबल्यावर नळ्या उचलल्या. तेल ठिबकणाऱ्या पाच नळ्या. आता त्यांचं काय करायचं? खतात घालता येत नाहीत, जाळता येत नाहीत. कचरा विभागाला फोन केला तर "हा कुठल्या प्रकारात बसतो ते बघावं लागेल" असं उत्तर मिळालं, आणि ते बघणं अजून चालू आहे. तेल अडवल्याबद्दल टाळ्या सगळे वाजवतात, तेलकट केस घ्यायला कुणी पुढे येत नाही. नळ्या झाकणाच्या पिंपात घालून ते पिंप मी मागे ठेवलं आहे. काका रोज विचारतात, "ताई, कधी जाणार हे?"

आता सलूनमध्ये दोन पोती आहेत, एक न रंगवलेल्या केसांचं आणि एक बाकी सगळ्यांचं. शिवाय एक ट्रे आहे. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात कॉस्को बुसान जहाजातून तेल सांडलं, तेव्हा तेल पुसलेल्या केसांच्या चटयांवर ऑयस्टर मशरूम वाढवून तेलाचं विघटन करून पाहिलं होतं. तेच मी करते आहे. खाली गव्हाचा पेंढा, त्यात बियाणं, आणि एका कोपऱ्यात मूठभर तेलकट केस. हे मशरूम कुणी खायचे नाहीत, तसं ट्रेवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. तीन आठवडे झाले. पेंढा पूर्ण पांढरा झाला आहे. केसांच्या कडेवर पांढरे धागे जेमतेम नखभर चढले आहेत. रोज सकाळी शटर वर केलं की मी आधी झाकण उचलून बघते.