बाबांच्या लॅपटॉपला लिनक्सवर चालणारं वाय-फाय कार्ड शोधताना

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बाबांचा लॅपटॉप ११ च्या अटींत काही बसेना. प्रोसेसर जुना, टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपचा पत्ता नाही. मशीन मात्र धडधाकट. रॅम वाढवलेली, एसएसडी घातलेला. भंगारात द्यायला जीव होईना, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. आवाज, कॅमेरा, प्रिंटर, सगळं विनातक्रार चाललं. वाय-फाय तेवढं नाही.

पहिली सोय सोपी होती. अँड्रॉइड फोन केबलने जोडायचा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं. त्याला वेगळा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही, लॅपटॉपला ते केबलचं नेटवर्कच वाटतं. लिनक्स नव्याने टाकणाऱ्या कुणालाही मी हे आधी सांगते, कारण नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, या फेऱ्यातून ते सोडवतं. मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने आतल्या चिपसाठी तिच्या कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर सुचवला. टाकला. वाय-फाय आलं, बाबा खूश.

पुढे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला आणि वाय-फाय गायब.

असा बाहेरचा ड्रायव्हर कर्नलचा भाग नसतो. दर नव्या कर्नलसाठी डीकेएमएस नावाचं साधन तो पुन्हा बांधतं. कर्नलच्या आत काही बदललं असेल आणि ड्रायव्हर जुन्याच काळात अडकला असेल, तर ती बांधणी फसते. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सॉफ्टवेअर तपासणारी सोय) चालू असेल तर त्या ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते, ती भानगड वेगळीच. मी राहते ऐरोलीला, बाबा नौपाड्यात. दर अपडेटला ट्रान्स-हार्बर पकडून ठाणं गाठायचं की बाबांना फोनवरून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, शिकवायचं? "अगं, ते काळं झालंय सगळं, आता काय करू?" हे ऐकल्यावर मी कार्डच बदलायचं ठरवलं.

तसंही ते कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं होतं. नौपाड्यातल्या त्या इमारतीत शोध घेतला की शेजारपाजारच्या राउटरांची यादी स्क्रीनभर येते. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि सगळी सोसायटी त्यांवर गर्दी करून बसलेली. संध्याकाळी भावाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला की त्याचं तोंड उघडलेलं आणि आवाज पुढे गेलेला. म्हणून अटी दोन ठरल्या: ड्रायव्हर कर्नलमध्येच हवा, आणि ५ गिगाहर्ट्झ हवं.

बाबांचं म्हणणं, यूएसबीत खोचायचं वाय-फाय डोंगल घेऊन टाक, लॅपटॉप कशाला उघडतेस. म्हणून लॅपटॉप पिशवीत घालून मी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. काउंटरवर डोंगलांचा ढीग, पाकिटांवर मोठ्या अक्षरांत वेग. चिप कोणती हे विचारलं तर उत्तर आलं, "ताई, प्लग अँड प्ले आहे, सगळ्यावर चालतं." लिनक्सवर लावून बघू का, म्हटलं. तो बिचारा बघा म्हणाला. डोंगल लावलं, टर्मिनलमध्ये यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी देणारी एलएसयूएसबी ही कमांड दिली, तर यादीत वाय-फायच नाही, एक डिस्क! कारण अशी बरीच डोंगलं आधी सीडी ड्राइव्हचं सोंग घेतात. विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. लिनक्सवर यूएसबी मोडस्विच हे साधन ते सोंग उतरवतं, पण आमच्याकडे सोंग उतरल्यावर निघालेल्या चिपचा ड्रायव्हरही त्या कर्नलमध्ये नव्हता. दुकानदार माझ्यापेक्षा जास्त रस घेऊन बघत होता. डोंगल परत पाकिटात गेलं.

पाकीट, ब्रँड, मॉडेल या तिन्हींवर विसंबता येत नाही, ते इथेच लक्षात येतं. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन७२२एन लिनक्सवाल्यांत प्रसिद्ध होतं, कारण पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाच्या डोंगलात रिअलटेकची चिप आली. नाव तेच, आतला माणूस वेगळा. डोंगलच घ्यायचं तर मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप बघावी, तिचा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आतच आहे. पण दुकानात चिपच्या नावाने डोंगल मागून मिळणं कठीण. शिवाय बाबांच्या लॅपटॉपला चालू यूएसबी दोनच. एकात माउस, दुसऱ्यात बाहेर आलेलं डोंगल, आणि नातू घरात आला की त्याचं काय होईल ते सांगायला नको.

तेव्हा आतलं कार्ड. आधी खालचं झाकण उघडून खाच बघितली. ती हाफ मिनी पीसीआय एक्सप्रेस निघाली. २०१५-१६ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत एम.२ नावाची खाच असते आणि ही दोन्ही कार्डं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. अँटेनाचे कनेक्टरही वेगळे, एम.२ चे आणखी बारीक. वायरी दोन होत्या, काळी आणि पांढरी, ते बरं झालं. स्वस्तातल्या काही लॅपटॉपांत एकच वायर सोडलेली असते आणि मग दोन अँटेनांचं कार्ड घेऊन अर्धाच फायदा. दुसरी धास्ती बायॉसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची. काही जुन्या मशीनांच्या बायॉसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते, बाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही. आमच्या मॉडेलवर लोकांनी इतर कार्डं चालवल्याचं वाचलं, तेव्हा पुढे सरकले.

या खाचेसाठी माझ्यासमोर दोनच नावं उरली. अथेरॉसचं एआर९४६२: त्याचा एटीएच९के ड्रायव्हर वर्षानुवर्षं कर्नलमध्ये आहे आणि वाय-फायसाठी वेगळी फर्मवेअर फाइलही (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. शुद्ध मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह असलेल्यांचं हे लाडकं. पण ते ८०२.११एन या जुन्या वाय-फाय पिढीपर्यंतच. दुसरं इंटेलचं ७२६०: त्यापुढची ८०२.११एसी पिढी, ५ गिगाहर्ट्झ, दोन अँटेना, ब्लूटूथ ४.०. त्याचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, फक्त इंटेलची फर्मवेअर फाइल सोबत लागते. ती मिंटमध्ये असतेच. डेबियन या दुसऱ्या लिनक्सवाल्यांना पूर्वी ती वेगळी आणावी लागायची. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच अशी फर्मवेअर येते. तत्त्वासाठी एआर९४६२ घ्यावं असं एकदा मनात आलं होतं. पण लॅपटॉप बाबांचा, तत्त्व माझं. ७२६० ठरलं.

नवं कुठे मिळणार, इतकं जुनं कार्ड? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायची तयारी होती. त्याआधी गोखले रोडच्या एका गल्लीतल्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे विचारलं. त्याने ड्रॉवरमधून जुन्या मशीनांतून काढलेल्या कार्डांचा डबा समोर ठेवला. "काका, ७२६० आहे?" "बघ, शोध तूच." इथे लेबल नीट वाचावं लागतं. एचएमडब्ल्यू म्हणजे हाफ मिनी, एनजीडब्ल्यू म्हणजे एम.२. आणि एचएमडब्ल्यूच्या पुढे बीएन असेल तर ते फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. पहिलं हाती आलं ते नेमकं बीएन. खालून एक साधं, बीएन नसलेलं निघालं. किंमत त्याने माझ्याकडे बघून ठरवली, तरी ती नव्या डोंगलपेक्षा कमीच होती. नाही चाललं तर परत घेईन, हे मात्र आधी कबूल करून घेतलं.

बसवणं नौपाड्यातच, जेवणाच्या टेबलावर. चार्जर काढला, बॅटरी काढली. अँटेनाचा कनेक्टर ज्वारीच्या दाण्याहून लहान. तो ओढायचा नाही, नखाने सरळ वर उचलायचा. बसवताना बरोबर मधोमध ठेवून बोटाने दाबला की बारीकशी टक् ऐकू येते. ती आली नाही तर तो तिरका बसलाय. बाबा बॅटरी धरून उभे, श्वास रोखून. एक स्क्रू, झाकण, चालू.

टर्मिनलमध्ये आतली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणारी एलएसपीसीआय -एनएनके ही कमांड दिली. ओळ आली: वायरलेस ७२६०, चौकटी कंसात ८०८६:०८बी१, आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज: आयडब्ल्यूएलवायफाय’. मी काहीही इन्स्टॉल केलेलं नव्हतं. (आधीचे चार आकडे कंपनीचे, नंतरचे चिपचे. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय, त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा. कुणीतरी हौशी असणार तिथे.) राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसलं. जुन्या चिपचा ड्रायव्हर लगेच काढून टाकला, नाहीतर दर अपडेटला डीकेएमएस त्याच्याशी झटत बसलं असतं.

एक किरकिर राहिली. मधूनच पान उघडायला वेळ लागायचा. ती वीजबचतीची. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये वाय-फाय पॉवरसेव्हचा आकडा ३ असतो, तो २ केला की बचत बंद. बॅटरीवर थोडा भार पडतो, पण बाबांचा लॅपटॉप चार्जरवरून हलतच नाही.

त्यानंतर कर्नलचे अपडेट बाबांनी स्वतः केलेत, वाय-फाय जागेवर आहे. आता सोसायटीतले त्यांचे मित्र मला विचारतात. नव्या लॅपटॉपांचं उत्तर वेगळं. तिथे एम.२ ची इंटेल एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावी, अनुक्रमे कर्नल ५.१ आणि ५.१० पासून चालते. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला अगदी तशीच, पण ती ठरावीक इंटेल प्रोसेसरांसोबतच चालतात, एएमडीच्या मशीनमध्ये मुळीच नाहीत. परवा कुलकर्णीकाका एएमडीच्या लॅपटॉपसाठी एएक्स२०१ स्वस्त मिळतंय म्हणून दुकानातून फोन करत होते. लेबलचा फोटो मागवला आणि शेजारचं एएक्स२१० घ्यायला सांगितलं.