कापूस विकला गेल्यावर बदललेला आवाज

ध्वनियंत्रणा बसवणे आणि दुरुस्त करणे हे माझे धुळ्यातील काम. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटून दोन दिवस झाले होते, तेव्हा अमळनेर तालुक्यातील एका गावातून एका तरुण डीजेचा फोन आला. "भाऊ, माझे दोन्ही मॉनिटर स्पीकर बिघडले. हिवाळ्यात चांगले वाजत होते, आता बेस येतच नाही." दोन स्पीकर एकाच वेळी आणि सारख्याच प्रमाणात बिघडावेत, असे माझ्या पाहण्यात क्वचितच आले आहे, म्हणून मी त्याला ते न उघडण्यास सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या घरी पोहोचलो.

त्याची अडचण खरोखर गंभीर होती. घरी मिक्स तयार करताना बेस ऐकू येत नसल्यामुळे त्याने 'लो'चा, म्हणजे बेस कमी-जास्त करण्याचा, नॉब वाढवत नेला होता, आणि तोच मिक्स लग्नात मोठ्या बेसपेट्यांवर लागला तेव्हा इतकी घरघर उठली की अहिराणी गाण्यातला एकही शब्द समजेना. वधूकडच्या वडीलधाऱ्यांनी गाणे बंद करायला लावले. ऐन लग्नसराईत पुढच्या दोन सुपाऱ्या हातून जातात की काय, या धास्तीने तो कर्ज काढून सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेससाठीचा वेगळा स्पीकर, घेण्याच्या विचारात होता.

मॉनिटर यामाहाचे एचएस५ होते. खालचे सूर वाजवणारा पाच इंची वूफर आणि आतले दोन्ही ॲम्प्लिफायर मिळून ७० वॅट असलेला हा स्पीकर ७४ हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपने, आकडा जितका लहान तितका सूर खालचा) फारसा कमी न होता वाजतो आणि ५४ हर्ट्झपर्यंत उतरताना १० डेसिबलने कमी होतो. अगदी तळाचा बेस त्याच्याकडून अपेक्षित नसला, तरी किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमचा, ठोका हरवण्याचे काहीच कारण नव्हते. मी डावा-उजवा स्पीकर अदलून पाहिला, केबल बदलल्या, एका बाजूची जोडणी उलटी तर झाली नाही ना हेही तपासले, कारण तसे झाल्यास दोन स्पीकरचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो. तासभर गेला, दोष सापडला नाही.

मग मी ४० हर्ट्झपासून वर एकेक शुद्ध सूर वाजवत गेलो. ५८ हर्ट्झच्या आसपास पोहोचलो तेव्हा टेबलापाशी उभ्या असलेल्या आम्हा दोघांना जवळपास काहीच ऐकू येईना, आणि नेमक्या त्याच क्षणी भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून त्याच्या आजीने विचारले, "भांडा काबर वाजी राहिनात रे?" भिंतीला लागून असलेल्या फळीवरची स्टीलची ताटे थरथरत होती. जो बेस खोलीच्या मध्यभागी नव्हता, तो भिंतीवर पुरेपूर होता. मी त्या मुलाला भिंतीला पाठ लावून उभा राहण्यास सांगितले आणि तोच सूर पुन्हा लावला. तो काही न बोलता भिंतीपासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून भिंतीपर्यंत तीनदा चालत गेला.

मी टेप काढून खोली मोजली. लांबी १० फूट, रुंदी १० फूट, उंचीही १० फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाच्या लाटेची अर्धी लांबी नेमकी बसली की तो सूर खोलीत ठाण मांडतो. भिंतींपाशी त्याचा दाब सर्वाधिक असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. त्या दिवशी खोलीत ३८ अंश होते, त्या उष्ण हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५४ मीटर धरला तर १० फुटांच्या खोलीसाठी हा सूर ५८ हर्ट्झ निघतो. खोलीची तिन्ही मापे सारखी असल्यामुळे तिन्ही दिशांचे हे सूर एकाच आकड्यावर येऊन पडले होते. टेबल खोलीच्या मध्यभागी होते, आणि डीजे उभ्याने वाजवतो, त्यामुळे त्याचे कान जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे उंचीच्याही मध्यावर येत होते. शिवाय कोणीतरी सांगितले म्हणून त्याने स्पीकर त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे आणले होते. भिंतीवर आदळून परतणारा आवाज त्या अंतरामुळे ९७ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाच्या उलट पडतो, म्हणून किकचा वरचा दणकाही गेला होता.

तरीही एक प्रश्न उरत होता: हिवाळ्यात हेच स्पीकर बरे कसे वाजत होते? उत्तर त्याच्या वडिलांनी दिले. वेचणीनंतर भाव वाढण्याची वाट पाहत त्यांनी कापूस याच खोलीत ठेवला होता, मागची अर्धी खोली छातीइतक्या उंचीपर्यंत भरलेली होती आणि टेबल पुढच्या भिंतीशी रेटलेले होते. फाल्गुनात कापूस विकला गेला, खोली रिकामी झाली, आणि मुलाने जागा मिळाली म्हणून टेबल मध्यभागी ओढले. चार-पाच फूट जाडीचा तो ढीग बेससुद्धा शोषत होता. हवा तंतूंमधून जाताना आवाजाची शक्ती घर्षणात खर्च होते, आणि सूर जितका खालचा तितकी जास्त जाडी लागते. कापूस गेल्यावर घुमू लागले म्हणून त्याने भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. त्या पातळ पुठ्ठ्याने बेसला काहीही होत नाही, हे त्याला सांगताना मला वाईट वाटले, कारण ते काम त्याने फार मनापासून केले होते.

आम्ही टेबल पुढे नेले. स्पीकरचा चेहरा भिंतीपासून एक फुटावर, दोन स्पीकरांत सव्वातीन फूट, आणि तितक्याच अंतरावर कान, असा समभुज त्रिकोण साधला. त्यामुळे डोके पुढच्या भिंतीपासून ३ फूट १० इंचांवर आले. डावी-उजवी बाजू सारखी ठेवली. घरी सराव करताना उंच स्टुलावर बसायचे ठरले, म्हणजे कान चार फुटांवर राहतील, आणि वरचे सूर वाजवणारे ट्वीटर त्याच उंचीवर घेतले. स्पीकर भिंतीजवळ गेल्याने खालचा आवाज फुगतो, म्हणून मागचा रूम कंट्रोलचा स्विच उणे दोन डेसिबलवर टाकला. घरात पडून असलेल्या जुन्या गाद्यांचा कापूस पोत्यांत भरून मागच्या दोन कोपऱ्यांत छतापर्यंत रचला, पण वायर आणि बोर्ड यांपासून चांगला दूर. कापसाला एक ठिणगीही पुरते, हे त्या घराला सांगावे लागले नाही. लॅपटॉप लावला की येणारी गुणगुण कंट्रोलर (गाणी मिसळण्याचे यंत्र), लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर घेऊन व साध्या केबलऐवजी गुणगुण रोखणारी बॅलन्स्ड केबल जोडून गेली. अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवण्याचा सल्ला गावोगावी दिला जातो. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून कोणीही मानू नये.

आणखी एक गोष्ट मी त्याच्याकडून वदवून घेतली. तो मिक्सचे काम रात्री अगदी हळू आवाजात करीत असे. कमी आवाजात कानाला बेस मुळातच कमी जाणवतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले आहे. त्यामुळे रात्री बरोबर वाटलेला बेस लग्नात जास्तच होणार. बेसचा निर्णय दिवसा, साधारण बोलण्याहून थोड्या मोठ्या आवाजात घ्यायचा आणि रात्री फक्त गाणी जुळवायची, असे ठरले.

दुपारी त्याने लग्नातलाच मिक्स पुन्हा लावला. अर्ध्या मिनिटात त्याने स्वतःहून 'लो'चा नॉब मागे घेतला, अगदी मध्यावर आणला, आणि मग पहिल्यापासून पूर्ण ऐकला. सबवूफरचा विषय पुन्हा निघाला नाही. ५८ हर्ट्झचा खड्डा पूर्ण भरला नव्हता, पण ठोका आता जागेवर होता.

दिवाळीनंतर त्याच्या वडिलांचा फोन आला. पहिल्या वेचणीचा कापूस घरी आला होता, आणि तो खोलीत कोणत्या बाजूला टाकावा, हे त्यांना मला विचारायचे होते. मी मागच्या भिंतीला, दोन्ही कोपऱ्यांत सारखा, असे सांगितले.