हवेचा लिलाव

आपल्याकडे रेडिओचे खासगीकरण झाले असे आपण म्हणतो, तेव्हा तो जन्मतःच सरकारी होता असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू केले ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी मंडळीने. तिला तीन वर्षेही धड तग धरता आला नाही. १९३० साली तिचे दिवाळे वाजले आणि रेडिओ सरकारच्या पदरात पडला. म्हणजे पुढे जे घडले ते, सासरी आयुष्य काढून उतारवयात माहेरी परतण्यासारखेच होते.

परतीची वाटही सरळ नव्हती. १९९३ साली आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे काही तास खासगी निर्मात्यांना विकायला काढले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. निकाल देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हवा सर्वांची आहे असे ठरले आणि पाचेक वर्षांतच तिचा लिलाव झाला! ४० शहरांतल्या १०८ वाहिन्यांसाठी बोली लावताना मंडळींना असा काही चेव आला की, दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे शुल्क पुढे भरायचे कोठून, याचा हिशेब बहुतेकांनी नंतरच मांडला. कित्येकांनी काढता पाय घेतला. २००१ साली बंगळूरला पहिली खासगी वाहिनी सुरू झाली खरी, पण या धंद्याचा जीव भांड्यात पडला तो २००५ साली, ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नाचा चार टक्के वाटा घेण्याचे धोरण आले तेव्हा. पाहता पाहता वाहिन्या दोनशेच्या पुढे गेल्या.

एवढ्या वाहिन्या झाल्यावर ऐकायलाही नाना परी मिळतील असे वाटले होते. मात्र मी काटा फिरवतो तेव्हा एका वाहिनीवर अर्धवट सोडलेले गाणे पुढच्या वाहिनीवर नव्याने सुरू झालेले असते. याचा दोष निवेदकांना देण्यात अर्थ नाही. श्रोत्याकडून एक पैसाही न घेता केवळ जाहिरातींवर घर चालवायचे, तर ज्या गाण्याला कोणी काटा हलवणार नाही तेच गाणे लावावे लागते, आणि असे गाणे सर्वांनाच एकाच वेळी सापडते. मोठ्या शहरांत तर या प्रतिस्पर्ध्यांचे प्रक्षेपणही एकाच सामाईक मनोऱ्यावरून होते.

खरी गंमत बातम्यांची आहे. खासगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. २०११च्या धोरणाने फार तर आकाशवाणीच्या बातम्या, अक्षरही न बदलता, पुन्हा ऐकवण्याची सवलत दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज आणि पाणी हे विषय मात्र बातमीत मोडत नाहीत असे त्याच धोरणाने ठरवले. त्यामुळे उद्या अमुक भागात पाणी येणार नाही, हे प्रशासनाने कळवलेले वर्तमान निवेदक मोठ्या उत्साहाने सांगू शकतो. पण ते का येणार नाही आणि त्याला जबाबदार कोण, हे विचारू लागला की तो परवान्याच्या हद्दीबाहेर जातो. मग तेवढ्या जागेत तो एक विनोद सांगतो, आणि तो बहुधा बायकोवरचा असतो.